आधी आईसाठी पलंग घ्या

हवेची गादी रोज झोपण्यासाठी नसते. न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्ये हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय आणि दर वेळी एकच उत्तर ऐकत आलेय: "काकू, तात्पुरतं आहे हो." हे तात्पुरतं आधी पहिल्या सेमिस्टरपुरतं असतं. मग लीज संपेपर्यंत, मग नोकरी लागेपर्यंत, मग एच-वनचा नंबर लागेपर्यंत. तोवर त्या मुलाला सकाळी बूट घालायला वाकताना भिंतीचा आधार लागायला लागलेला असतो. वय वर्षं पंचवीस.

वस्तू म्हणून तिच्याशी माझं भांडण नाही. गणपतीला चार कुटुंबं मुक्कामाला आली, तर शनिवारी रात्री पाच मिनिटांत फुगवून सोमवारी कपाटात ठेवता येणारी दुसरी सोय कुठली? २००७ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोत ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोन तरुणांनी घरभाडं भागवायला आपल्या घरात तीन हवेच्या गाद्या टाकल्या. गावात एक डिझाइन परिषद होती, हॉटेलं भरलेली होती. तीन पाहुणे आले, काही रात्री झोपले, नाश्ता करून परिषदेला गेले आणि मग आपापल्या घरी आपापल्या पलंगावर परतले. एअरबीएनबीचा जन्म तो. ही गादी ज्या कामासाठी आहे ते काम इतकंच आहे आणि ते ती चोख करते. माझा राग आहे तो या दोन रात्रींच्या सोयीवर माणसाला दोन-दोन वर्षं झोपवणाऱ्यांवर.

ही गादी रात्री का बसते ते आधी नीट समजून घ्या, कारण बहुतेकांना वाटतं की आपल्याच गादीला कुठेतरी भोक आहे. मग साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधत रविवार जातो. भोक नसतंच. गादी म्हणजे पीव्हीसीची मोठी पिशवी, वर मखमली लव चिकटवलेली. हे प्लास्टिक वजनाखाली ताणलं जातं, नवं असताना तर फारच, म्हणून रात्री टणक भरलेली गादी सकाळी ढिली लागते. त्यात हवा थंड झाली की आक्रसते. खोलीचं तापमान दहा अंश सेल्सिअसने उतरलं तर आतल्या हवेचं आकारमान तीन टक्क्यांहून जास्त घटतं. ऐकायला थोडं वाटतं. पण पाठीला आधार देणारा सगळा ताण तेवढ्याच फरकावर उभा असतो. जानेवारीत इथे रात्री पारा शून्याखाली जातो आणि बिल वाचवायला पोरं झोपताना हीटिंग कमी करतात. म्हणजे गादी नेमकी पहाटे बसणार, जेव्हा अंग सगळ्यात सैल पडलेलं असतं. कंबर खाली जाते, खांदे आणि पाय वर राहतात, आणि तो मुलगा उरलेली रात्र झोळीत काढतो.

गादीला गादीचा आकार देण्यासाठी आत वरचा पडदा खालच्या पडद्याला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात. रोजच्या लोळण्याने त्यातली एखादी सुटते. तिचा भार शेजारचीवर येतो, मग तीही सुटते आणि गादीच्या मधोमध टेंगूळ येतं. भोकाला पॅच लावता येतो. आतून सुटलेल्या पट्टीला जगात इलाज नाही. थंडीचंही तसंच. हवा उष्णता अडवते हे शाळेत शिकलेलं खरं आहे, पण ती हवा स्थिर असेल तेव्हा. एवढ्या मोठ्या पोकळीतली हवा प्रत्येक कुशीसरशी ढवळते आणि अंगाची ऊब खालच्या गार जमिनीला नेऊन देते. वरून कितीही पांघरलं तरी थंडी खालून येत राहते. डोंगरात तंबू टाकून राहणारे लोक म्हणूनच आत इन्सुलेशन भरलेले मॅट घेतात आणि घेताना त्याची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, विचारतात. एका रात्रीच्या ट्रेकला जाणारा माणूस जी चौकशी करतो, ती दोन वर्षं झोपणारा करत नाही.

एडिसनच्या एका टू बेडरूम अपार्टमेंटमध्ये मी हे सगळं एकाच खोलीत पाहिलं. पाच मुलं. दोघे-दोघे बेडरूममध्ये, पाचवा लिव्हिंग रूममध्ये. एकाला ताप होता म्हणून मी खिमट घेऊन गेले होते. त्याच्या गादीच्या मधोमध कलिंगडाएवढं टेंगूळ होतं आणि ते टेंगूळ नि भिंत यांच्यामधल्या खोबणीत तो आडवा झाला होता. गादीखाली थंडी अडवायला पार्सलचे उलगडलेले पुठ्ठे, पुठ्ठ्यांखाली योगा मॅट. चादर बदलावी म्हणून मी गादीचा कोपरा उचलला, तर पुठ्ठा ओला लागला. अंगाची ऊब आणि जमिनीचा गारवा यांच्यामध्ये धरलेलं पाणी होतं ते, आणि खालच्या कार्पेटवर काळी बुरशी. छातीत कफ झालेला मुलगा रात्रभर त्या बुरशीपासून वीतभर अंतरावर नाक ठेवून झोपत होता. पंप फार आवाज करतो म्हणून अकरानंतर कुणीही तो लावायचा नाही असा पाचांनी मिळून नियम केलेला. म्हणजे पहाटे गादी बसली की बसली. त्याच भिंतीशी हजार डॉलरच्या वर किमतीचा लॅपटॉप आणि दुसरा मोठा मॉनिटर होता. वडिलांनी लातूरचं घर बँकेकडे तारण ठेवून त्याला पाठवलंय.

या वडिलांशी मला बोलायचं आहे, आणि त्याच्या आईशीसुद्धा. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यांत आपली मुलं किती असतील ते विमानतळावर उभं राहिलं की कळतं. प्रत्येकाच्या तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा मी उघडताना पाहिल्यात. कुकर येतो. शिट्टी आणि गॅस्केट जास्तीचं येतं. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, लोणच्याची तीन पुडकी टेपने गुंडाळून येतात. मुलाच्या पोटाचा एवढा विचार करणाऱ्या घरात मुलगा झोपणार कशावर हा प्रश्न एकदाही निघत नाही. फी, विमा, तिकीट, सहा महिन्यांचं भाडं, सगळं वहीत लिहिलेलं असतं. त्या वहीत शंभर-सव्वाशे डॉलरची एक ओळ घालायला काय हरकत होती? लाखांनी कर्ज काढायचं आणि पाठीखालच्या गादीत वाचवायचं. दात कोरून पोट भरत नाही हे आपणच पोरांना सांगतो ना?

आणि वाचतही काही नाही. साध्या सिंगल हवेच्या गादीला तीस-चाळीस डॉलर पडतात, पंप असलेली त्याहून महाग. बऱ्याच गाद्यांवर कंपनी वॉरंटी देते ९० दिवसांची. नव्वद दिवस! बनवणाऱ्यालाच जी वस्तू एका ऋतूपलीकडे टिकेल असं छातीठोकपणे सांगता येत नाही, ती आपण डिग्रीच्या दोन वर्षांसाठी घेतो. पहिली फुटते ती दिवाळीच्या आसपास, दुसरी उन्हाळ्यात, तिसरी पुढच्या थंडीत. तेवढ्यात खोक्यात गुंडाळून येणारी साधी फोमची सिंगल गादी आली असती, जी पाच वर्षं कुठे जात नाही. प्रत्येक फुटलेली पिशवी कचऱ्यात जाते ती वेगळीच. पीव्हीसी घरच्या रिसायकलिंगच्या डब्यात चालत नाही.

मुलांची बाजू मला ठाऊक आहे आणि तिच्यात तथ्य आहे. एफ-वनवर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासच काम करता येतं, हातात पैसा नसतो. घर दर वर्षी बदलावं लागतं, सामान वाहायला गाडी नसते. लोकांनी रस्त्याकडेला ठेवलेल्या गाद्या उचलायच्या तर ढेकणांची भीती, आणि ती भीती खरी आहे. एकदा घरात ढेकूण शिरले की सगळ्या रूममेटांचे कपडे ड्रायरमध्ये आणि औषध फवारणीचं बिल डोक्यावर. मी कुणालाही रस्त्यावरची गादी उचलायला सांगत नाही. पण हवेची गादी घेतली म्हणजे ढेकणांपासून सुटका झाली हेही खोटं आहे. त्यांना लपायला शिवण, घडी, लव, शेजारचं कार्पेट, काहीही पुरतं. आणि सामान हलवायचंच म्हणाल, तर पातळ फोमची सिंगल गादी गुंडाळून दोरीने बांधली की उबरच्या मागच्या सीटवर मावते. मी बांधून दिलेल्या आहेत.

आणखी एक युक्तिवाद थोरामोठ्यांकडून येतो: हॉस्पिटलात रुग्णांना एअर बेडच देतात, मग ती वाईट कशी? हा युक्तिवाद करणाऱ्याने तो बेड जवळून पाहिलेला नसतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून जो एअर बेड वापरतात, त्याचा पंप रात्रंदिवस चालू असतो. त्यातले कप्पे काही मिनिटांच्या अंतराने आळीपाळीने भरतात आणि उतरतात, म्हणजे शरीराच्या एकाच जागी दाब राहत नाही. आणि तो बहुतेक वेळा पलंगावरच्या नेहमीच्या गादीवर अंथरलेला असतो. स्लीप नंबरसारख्या, १९८७ पासून हवेच्या गाद्या बनवणाऱ्या कंपनीचं उदाहरण देणारेही भेटतात. त्या गादीत हवेच्या कप्प्यांवर फोमचे थर असतात, खाली भक्कम पाया असतो आणि किंमत हजारो डॉलरपर्यंत जाते. ती घेणाऱ्याला मी काही बोलणार नाही. तिच्या नावावर चाळीस डॉलरची पिशवी खपवू नका.

"आपण तर गावाकडे जमिनीवरच झोपायचो," हेही ऐकते. झोपायचो, पण कशावर? कापसाच्या गादीवर. दर दोन-तीन वर्षांनी पिंजारी दारात यायचा, गाठी झालेला कापूस धनुकलीवर पिंजून पुन्हा मोकळा करायचा आणि अंगणात बसून गादी शिवायचा. ती गादी अंगाखाली दबायची, पण रात्रीतून नाहीशी व्हायची नाही. तिच्यातून वारा खेळायचा, घाम जिरायचा, उन्हात टाकली की पुन्हा फुलायची. ज्याला कापूस नको त्याच्यासाठी काथ्याची होती. प्लास्टिकच्या पिशवीत यातलं एकही नाही. आणि नुसती कडक जमीनही काही अमृत नाही. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधल्या फ्रान्सिस्को कोवाक्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या होत्या. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं आणि रोजच्या कामातली अडचण जास्त कमी झाली होती. पाठीला रात्रभर न बदलणारा आधार लागतो. संध्याकाळी कडक, मध्यरात्री मध्यम आणि पहाटे जमीन अशी गादी कुठल्याच वर्गात बसत नाही.

इतका वेळ मी तरुण मुलांबद्दल बोलले. त्यांचं शरीर बरंच सोसतं. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले तिच्याकडे येते.

मुलगा नोकरीला लागतो, लग्न होतं, घर होतं. मास्टर बेडरूममध्ये किंग साइज पलंग येतो. दुसरी खोली आधी ऑफिस होते, मग बाळाची. सून किंवा लेक बाळंत होणार म्हणून आईला व्हिजिटर व्हिसावर बोलावलं जातं, सहा महिन्यांसाठी, कारण विमानतळावर साधारण तेवढाच मुक्काम मिळतो. आई येते. बासष्ट, पासष्ट, अडुसष्ट वर्षांची, गुडघे गेलेली, बीपीची गोळी चालू. आणि तिला लिव्हिंग रूममध्ये सोफ्याशेजारी हवेची गादी दिली जाते. सकाळी सोफ्यावर कुणाला बसायचं असतं म्हणून ती रोज पहाटे उठून स्वतः हवा काढते, घडी करते, कोपऱ्यात ठेवते आणि चहा टाकते. हे एकदोन घरांतलं नाही. एडिसनपासून डॅलसपर्यंत कुठल्याही मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला जा आणि भारतातून आलेल्या बायकांना बाजूला घेऊन विचारा. आधी त्या "छान सोय आहे" म्हणतील. मग विचारा, रात्री बाथरूमला जायला कशा उठता.

मी एकीला उठताना पाहिलंय. गादी उंचावरची होती, मुलाने मुद्दाम डबल हाइटची आणली होती, चांगल्या मनाने. ती काठावर सरकली आणि पाय खाली सोडले. काठ तिच्या वजनाने दबला, मधला भाग वर आला आणि तिला पुढे ढकलायला लागला. तिने उजव्या हाताने सोफ्याचा दांडा पकडला, डावा हात गादीवर रेटला, तर तो मनगटापर्यंत आत गेला. ती घसरून गुडघ्यांवर आली, तिथून सोफ्याला धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सवय झालीय आता." रात्रीतून दोनदा-तीनदा, अंधारात, परक्या घरात ही कसरत. एखाद्या रात्री हात सुटला तर मनगट मोडेल किंवा खुबा. व्हिजिटर इन्शुरन्स आधीपासूनच्या दुखण्यांना सहसा हात लावत नाही आणि गुडघे-कंबरेची जुनी तक्रार कागदावर असली की कंपनी तेच कारण पुढे करते. तेव्हा होणाऱ्या खर्चात घरातल्या प्रत्येकासाठी सागवानी पलंग आला असता.

आणि त्या घरात बाळ आहे. यावर मी आवाज चढवूनच बोलते. बाळ रात्री रडतं, बाळंतीण दमलेली असते आणि आजी म्हणते, दे माझ्याकडे. ती त्याला घेऊन त्याच गादीवर आडवी होते. इथे विकल्या जाणाऱ्या हवेच्या गाद्यांवर इशारा छापलेला असतो की पंधरा महिन्यांपर्यंतच्या बाळाला यावर कधीही झोपवू नका, बाळं गुदमरून गेलेली आहेत. तो इशारा खोक्यावर इंग्रजीत असतो, आणि आजी येते तेव्हा खोकं कधीच टाकून दिलेलं असतं. गादी रात्रीतून बसते, मध्ये खळगा होतो, मान न उचलता येणारं बाळ त्या खळग्यात घरंगळतं, तोंड प्लास्टिकला टेकतं. किंवा गादी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जातं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला साधा आहे: बाळ पाठीवर, टणक सपाट गादीवर, स्वतःच्या वेगळ्या जागेत, जवळ उशी-दुलई काही नाही. बाळासाठी क्रिब घेताना तुम्ही हे सगळं वाचलंत, गाद्यांचे रिव्ह्यू ताडून पाहिलेत. आजीच्या गादीचं खोकं वाचायला दोन मिनिटं नव्हती?

मला इथे विचारायचं ते हे: घरात रोज हवेच्या गादीवर कोण झोपतं? ज्याचं नाव लीजवर नाही तो. ज्याच्याकडे गाडी नाही, बँकेचं कार्ड नाही, परत मागायला तोंड नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, आणि बाळंतपणाला आलेली आई. घरातला कर्ता माणूस सहा महिने त्या गादीवर झोपलाय असं एक घर मला दाखवा. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीच तो पाठ धरून दुकानात गेला असता. आई जात नाही, कारण तिने आयुष्यभर शेवटची पोळी घेतली आणि दाराजवळची जागा घेतली. तिने तक्रार केली नाही हे तुमच्या सोयीचं आहे, पुरावा म्हणून ते चालत नाही. "आई, कसं वाटतंय?" असं विचारून तिचं "ठीक आहे" ऐकणं म्हणजे चौकशी झाली असं समजू नका. एक रात्र तुम्ही तिथे झोपा आणि तिला तुमच्या पलंगावर झोपवा. सकाळी कुणी काही विचारायची गरज उरणार नाही.

जागा नाही हे कारण मी ऐकून घेणार नाही. साठ इंचांचा टीव्ही बसला, ट्रेडमिल बसली आणि तिच्यावर आता कपडे वाळतात. सिंगल पलंग साधारण तीन फूट रुंद आणि सव्वासहा फूट लांब असतो. तेवढी जमीन प्रत्येक घरात निघते, फक्त कुणाची तरी वस्तू हलवावी लागते. दिवसा बसायला आणि रात्री झोपायला चालेल असा डे-बेड मिळतो. घडीचा लोखंडी पलंग मिळतो, त्यावर फोमची गादी टाकता येते. आई परत गेली की तो पलंग ओळखीतल्या नव्या विद्यार्थ्याला द्या, त्याच्या खालची पिशवी तरी सुटेल.

आता जूनची तिकिटं बघणं चालू असेल. तारखा, सीट, व्हीलचेअरची विनंती, विम्याचे कोटेशन, सगळं एकाच बैठकीत उरकता ना? त्याच बैठकीत पलंग मागवा आणि ती यायच्या आठवडाभर आधी जोडून ठेवा. उंची अशी घ्या की काठावर बसल्यावर तिचे दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. हात धरायला शेजारी टेबल किंवा दांडा असू द्या. रात्रीचा छोटा दिवा बाथरूमच्या वाटेवर लावा. आणि गादी किती उंच घ्यायची हे ठरवायला आईचे पाय गुडघ्यापासून तळव्यापर्यंत किती लांब आहेत हे माहीत नसेल, तर आज फोन करा आणि बाबांना टेप घेऊन मोजायला सांगा.